आत कोण शे?

माझ्या सासूबाईंना धुळ्यात दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक त्यांचं तोंड आणि दुसरे त्यांचे हात. तोंडाचा प्रसाद मी लग्न होऊन आल्यापासून रोज घेतेय, त्यामुळे त्याबद्दल फार लिहीत नाही. हातांबद्दल लिहिते. जुन्या सागवानी कपाटाचं, पेटीचं, मेजाचं कुलूप अडकलं आणि घरच्यांना लाकडावर साधा ओरखडाही नको असेल, तर लोक भागाबाईंना बोलावतात. भागाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी रूपा.

माझे सासरे धनसिंग हे सुतार होते. मारवाडी घरांतलं जुनं सामान दुरुस्त करून त्याला पॉलिश करून द्यायचं, हे त्यांचं काम. हात जाड, स्वभाव तापट, त्यामुळे कुलपासारखं नाजूक काम आलं की ते बायकोपुढे सरकवायचे. सासूबाई शिकल्या त्या अशा, चूल आणि मागचं शेड यांच्यात येता-जाता. सासरे मी या घरात येण्याआधीच गेले. हार्ट अटॅक, एवढंच माझ्या नवऱ्यानं, ललितनं, मला सांगितलं होतं. ते गेले तशी करवत, रंधा सगळं खुंटीला लागलं आणि सासूबाईंकडे फक्त कुलपं उरली. ललित एमआयडीसीत कामाला आहे, त्याला लाकडात काडीचा रस नाही. म्हणून त्यांना गावोगाव घेऊन फिरणं माझ्या वाट्याला आलं. त्यांचं इन्स्टाग्रामही मीच चालवते. मोबाईलनं डोळे फुटतात असं त्या मला दिवसभर ऐकवतात आणि संध्याकाळी हळूच विचारतात, "कितला लोकेस्नी दखं वं आज?"

त्यांचे नियम कडक आहेत. ड्रिल नाही, फटीत सुरी घालणं नाही, आणि तेल तर मुळीच नाही. कुलपात तेल सोडणाऱ्या माणसाकडे त्या अशा बघतात की त्यानं कुलपाला चिखल भरवलाय. पेन्सिलीच्या शिशाची पूड चावीला लावायची. दार खाली बसलं असेल तर तळाशी पातळ पाचर घालून ते केसभर उचलायचं, म्हणजे आतल्या जिभेवरचा भार उतरतो. पावसाळ्यात लाकूड फुगून कुलूप धरलं असेल तर जवळ पिवळा बल्ब लावून दिवसभर नुसतं बसायचं. तेवढा धीर त्यांच्याकडे आहे. सगळा कुलपांवर खर्च होतो, सुनेपर्यंत काही शिल्लक राहत नाही.

आणि एक सवय. कामाला हात लावण्याआधी त्या बोटाच्या पेरानं लाकडावर ठोकतात, कान लावतात आणि हळू आवाजात विचारतात, "आत कोण शे?" मग थांबतात. बराच वेळ. भर दुपारी, चारचौघांत, बंद कपाटाला कान लावून उत्तराची वाट बघणारी ती बाई पाहिली की घरचे लोक आपोआप गप्प होतात. मला वाटायचं, हे सगळं गिऱ्हाइकासाठी नाटक आहे. एकदा मी म्हटलं, "आई, जरा मोठ्यानं विचारा ना, व्हिडिओत ऐकू येत नाही." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मोबाईल पिशवीत घातला. ती गोष्ट त्यांनी कधीच चित्रित करू दिली नाही. का विचारता म्हटलं, तर एवढंच म्हणाल्या, "इचारनं पडस."

गेल्या मे महिन्यात जळगावहून फोन आला. मनन नावाचा माणूस, डाळीचा व्यापार, जैन मारवाडी घर. आवाज घाईचा आणि थकलेला. आजीच्या कपाटाचं कुलूप अडकलंय, म्हणाला, आणि ते आज उघडलं नाही तर आजी जगत नाही. मला वाटलं औषधं आत अडकली असतील. त्यानं लगेच गाडी पाठवली. पारोळा, एरंडोल मागे पडेपर्यंत बाहेर माणूस दिसला नाही, इतकं ऊन होतं. सासूबाई मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन पुटपुटत होत्या, "उन्हायामा लाकूड आकसस. कुलूप अटकस ते पावसायामा. मे महिनामा कसं काय अटकनं?"

घर म्हणजे लिफ्टच्या इमारतीतला नवा कोरा फ्लॅट होता. छताला लपवलेले दिवे, गुळगुळीत फरशी, जुनं असं काही नाही. मनन तिशीतला, डोळे लाल. त्याच्या बायकोनं, जिनलनं, आम्हाला पाणी दिलं आणि दाराआडच उभं राहून सगळं सांगितलं.

त्यांच्याकडे गंठसी नावाचं एक व्रत असतं. कपड्याला गाठ मारायची. गाठ सोडून नवकार मंत्र म्हणेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मननची आजी सज्जनबाई, घरात सगळे त्यांना दादीसा म्हणतात, हे व्रत वर्षानुवर्षं रोज पाळतात. नवरा, उत्तमचंद शेठ, गेल्यापासून त्यांनी गाठ मारणं सोडलं आणि गाठीच्या जागी शेठजींच्या कपाटाचं कुलूप धरलं. दुपारी कुलूप उघडायचं, नवकार म्हणायचा, एकवेळचं जेवायचं, पाणी प्यायचं, पुन्हा कुलूप लावायचं. की दुसऱ्या दिवशी कुलूप उघडेपर्यंत तोंड बंद. आता परवा दुपारनंतर चावी आत जाईना. दादीसांच्या पोटात तेव्हापासून काही नाही. बाहेर जाळ पेटल्यासारखं ऊन आणि त्या पाणीसुद्धा घेत नव्हत्या. डॉक्टर सलाईन लावायला आले, दादीसांनी हात पदराखाली घेतला.

"कपाट फोडा ना मग," मी म्हटलं. माझा स्वभावच तसा आहे.

"फोडायला निघालो होतो," मनन म्हणाला. "दादीसा म्हणाल्या, गाठ कापली म्हणजे सुटली असं होत नाही. कुलूप फोडलंत तर माझं व्रत कधीच सुटणार नाही. महासतीजींनी, आमच्या साध्वींनी, निरोप पाठवला, आजारपणात सूट असते. तर म्हणाल्या, ज्याला हवी त्याला सूट."

"आणि आवाजाचं सांग," जिनल म्हणाली.

मनन अवघडला. "कपाटातून ठोके येतात. लाकडातला किडा आहे. दादीसांना वाटतं, दादाजी बोलावतायत."

"किडा," जिनल हळूच म्हणाली. "मी जवळ गेले की गप्प बसतो. दादीसा बोलल्या की ठोकतो."

माझ्या अंगावर काटा आला, हे मी कबूल करते. सासूबाईंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्या पिशवी उचलून आतल्या खोलीत गेल्या.

ती खोली मी विसरणार नाही. पडदे ओढलेले, एसी लावलेला, तरी हवा कोंदट. पलंगावर दादीसा, पांढऱ्या साडीत, इतक्या बारीक की पांघरुणाखाली माणूस आहे हे समजायला वेळ लागला. ओठ फुटलेले. पलंगासमोर ते कपाट, छताला टेकलेलं, काळपट तांबडं, बऱ्हाणपूरचं जुनं काम. त्याचं लाखेचं पॉलिश इतकं चकचकीत होतं की त्यात पलंग दिसत होता आणि पलंगावरच्या दादीसाही. बघताना वाटायचं, त्या बाहेर नाहीतच, कपाटात आडव्या झाल्यात आणि तिथून आपल्याकडे बघतायत. मी नजर फिरवली, तर खऱ्या दादीसाही बघत होत्या. डोळे मात्र टवटवीत होते.

सासूबाईंनी चपळाईनं पदर खोचला. कपाटासमोर बसल्या, पेरानं ठोकलं, कान लावला.

"आत कोण शे?"

एसीची घरघर तेवढी होती. मग आतून ठोका आला. स्पष्ट. थोडा वेळ गेला आणि पुन्हा एक, किंचित खालून, जणू कोणी बसल्या जागेवरून ठोकतंय. जिनलनं नवऱ्याचा दंड धरला. दादीसा मात्र हसल्या. खरंच हसल्या, माहेरचं माणूस दारात दिसल्यावर बायका हसतात तशा.

सासूबाईंनी कान काढला नाही. त्यांचा रंग उतरला होता. आजवर शेकडो कपाटांना त्यांनी हा प्रश्न विचारला असेल. उत्तर आलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि बहुधा त्याही.

मग त्या कामाला लागल्या. बॅटरीनं चावीच्या भोकात पाहिलं. त्यांच्याकडे घासून बारीक केलेली क्रोशाची सुई आहे, ती आत घातली, फिरवली, अलगद बाहेर काढली. सुईच्या टोकाला तांबडा कण चिकटला होता. त्यांनी तो तळहातावर घेऊन खिडकीपाशी नेला. मीही वाकून पाहिलं. तांबड्यात चिमूटभर हिरवं, आणि मध्ये एक चकाकणारा ठिपका. आरशाचा तुकडा, टिकलीपेक्षा लहान.

ती लाख होती. बांगडीची लाख. राजस्थानी बायका घालतात तशा, आरसे बसवलेल्या लाखेच्या बांगडीची. मे महिन्यात कुलूप का अडकलं, ते मला तिथल्या तिथे कळलं. ते अडकलं नव्हतं. ते कोणीतरी भरलं होतं. जिनलच्या हातात सोन्याच्या बांगड्या होत्या. घरात लाखेच्या बांगड्या जपून ठेवणारी एकच बाई असणार, आणि ती पलंगावर पडल्या पडल्या आमच्याकडे बघत होती.

सासूबाईंनी मूठ मिटली. "पोरी," त्या जिनलला म्हणाल्या, "माले पातेलंभर उकळतं पानी दे आनि बठ्ठा बाहेर बसा. दार लोटी ल्या. कोन्ही डोकावू नका, कुलूप लाजस."

मनन कुरकुरला. "निदान सांगा तरी, उघडेल का?"

"तू बाहेर बसना की उघडी," सासूबाई म्हणाल्या. उकळतं पाणी आलं, दार लोटलं, आणि खोलीत आम्ही तिघीच उरलो. कपाटाला मी मोजत नाही.

सासूबाईंनी मूठ उघडून दादीसांपुढे धरली. "शेठाणी, हाई तुम्हनी बांगडी शे ना?"

दादीसांनी नाकारलं नाही. घसा कोरडा पडलेला, शब्द एकेक करून येत होते. "लग्नातली आहे. हे गेले तेव्हा सगळ्या फोडल्या, एक मी लपवली. परवा दिव्यावर धरून मऊ केली." जरा थांबून म्हणाल्या, "दोन वर्षं झाली मागतेय मी. महासतीजींकडे संथारा मागितला, अन्नपाणी सोडून देह ठेवायची परवानगी, त्या म्हणाल्या, तुमची प्रकृती चांगली आहे, वेळ आलेली नाही. मननला विचारलं, तो रडायला लागला. कोणीच जा म्हणत नाही. आणि हे आतून रोज बोलावतात." त्यांनी हात पुढे केला. नुसती कातडी आणि शिरा. "भागा, तू हुशार आहेस. बाहेर सांग, वेळ लागेल. दोन दिवस नुसती बसून राहा. तेवढे पुरेत."

मला इतका राग आला की सांगता येत नाही. बाहेर तो नातू रडून रडून अर्धा झालेला, आणि ही बाई त्याला फसवून मरायला निघालेली, वर आमच्या हातानं. मी दाराकडे निघालेच. मननला सगळं सांगून टाकणार होते.

"रूपा." सासूबाईंनी मागे न बघता हाक मारली. "बस."

आणि त्याच वेळी कपाटातून ठोका आला. माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर. मी मुकाट्यानं खाली बसले.

सासूबाईंनी चावी उकळत्या पाण्यात सोडली. स्पिरिट घातलं असतं तर लाख लवकर विरघळली असती, पण पॉलिशही लाखेचंच, तेही गेलं असतं. म्हणून चावी तापवायची, पुसून कोरडी करायची, भोकात टेकवून धरायची, लाख मऊ होऊन चावीला चिकटली की ओढून घ्यायची. कपाटावर वाफेचा पांढरा डाग पडू नये म्हणून त्यांनी भोकाभोवती जाड कापड धरलं होतं. चावी बाहेर येताना लाखेची तांबडी तार लांबत यायची. त्या ती पुसायच्या आणि चावी पुन्हा पाण्यात टाकायच्या. बोटं भाजत होती, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या बोलत होत्या. कपाटाकडे तोंड करून बोलत होत्या, त्यामुळे त्या नक्की कोणाला सांगतायत ते मला कळेना.

"मना मालक सुतार व्हता," त्या म्हणाल्या. "मागे शेडमा काम करे. पॉलिशवर कचरा नको म्हनीसन आतमाईन कडी लावीसन बसे. त्या दिनले मी भाकरी थापत व्हती. शेडमाईन ठोका येत व्हतात."

चावी भोकात, हात स्थिर.

"सुतारना घरमा ठोका कोन आयकस, अक्का? दिनभर ठोकाच ऱ्हातस. मी म्हनं, काम चालू शे. तो ठोकत व्हता, मी भाकरी थापत व्हती. मंग ठोका बंद झायात. मी म्हनं, चला, काम व्हई गयं, आते जेवाले येई. मी ताट वाढीसन बसनी."

त्यांनी चावी ओढली. तार तुटली.

अटॅक आल्यावर ते आतून ठोकत होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ललितलाही माहीत आहे की नाही, देव जाणे. आमच्या मागच्या शेडला दार नाही. मी समजत होते, वाळवीनं खाल्लं असेल. या बाईनं ते काढून टाकलं होतं. आणि तेव्हापासून प्रत्येक बंद लाकडाला ती विचारत राहिली होती, आत कोणी आहे का, आणि मी तिला म्हणाले होते, जरा मोठ्यानं विचारा, व्हिडिओत येत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रडू आलं, ते मी आवरलं नाही.

दादीसा टक लावून ऐकत होत्या. सासूबाईंनी चावीला पेन्सिलीची पूड लावली आणि ती भोकात घातली. या वेळी चावी पूर्ण आत गेली, मुठीपर्यंत. त्यांनी ती जरा हलवली. आत लोखंड लोखंडाला लागल्याचा बारीक आवाज आला. कुलूप मोकळं झालं होतं. त्यांनी फिरवलं नाही. हात काढून घेतला आणि पलंगाजवळ येऊन उकिडव्या बसल्या.

"मनं काम झायं," त्या म्हणाल्या. "फिरावनं तुम्हना हातमा शे. तुम्ही नही म्हनश्यात ते मी बाहेर जाईसन सांगसू, कुलूप उघडत नही. खोटं बोलसू. पन एक आयकी ल्या. तुम्ही म्हनतस, ते बलावतस. अक्का, आतमाईन जो ठोकस, तो कोनले आत बलावाले ठोकत नही. तो बाहेर येवासाठे ठोकस. मी मना मालकले उघडं नही. तुम्ही रोज उघडतस आनि लगेच परत कुलूप लावतस. आनि आते ते भोकबी बुजी टाकं."

दादीसांचा चेहरा बदलताना मी पाहिला. आधी त्यांना ते कळलंच नाही. मग कळलं, आणि त्या घाबरल्या. मरणाला न घाबरलेली बाई त्या वाक्याला घाबरली. कपाटात पुन्हा ठोका पडला, मग लगोलग दुसरा, आणि मला तो आता वेगळाच ऐकू आला. त्यात हाक नव्हती. त्यात दम कोंडल्याची घाई होती.

"मी कोंडलं यांना?" दादीसा म्हणाल्या. "मी?"

सासूबाईंनी नुसता हात पुढे केला.

आम्ही दोघींनी धरून त्यांना उठवलं. वजन नव्हतंच काही. पलंगापासून कपाटापर्यंत चार पावलं असतील, त्याला किती वेळ लागला कोण जाणे. पॉलिशमध्ये समोरून आणखी एक म्हातारी आमच्या दिशेनं येत होती. दादीसांनी चावीवर बोटं ठेवली, ती घसरली, त्यांनी पुन्हा ठेवली. मी मदतीला हात नेला तर सासूबाईंनी तो मागे ओढला. मग चावी फिरली. एवढ्या वर्षांचं कुलूप, पण लोण्यात सुरी जावी तसं फिरलं. ओठांतल्या ओठांत नवकार चालू झाला आणि तो पूर्ण झाल्यावरच दादीसांनी दार ओढलं.

आतून गार हवा आली. बाहेर भट्टी पेटलेली, खोलीत मरगळलेला एसी, आणि त्या कपाटातून पहाटेसारखी गार हवा आली. तपकिरीचा वास होता तिला. आत खुंटीला एक काळा कोट, खाली एक चपलांचा जोड, बाकी काही नाही. किडा नाही, भुसा नाही, काहीच नाही.

आणि मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सासूबाई झटकन बाजूला झाल्या. वडीलधारा पुरुष घरातून जाताना बायका वाट सोडतात तशा. त्यांनी खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला. दादीसांनीही घेतला, पार कपाळाखाली, त्यांच्याकडे घेतात तसा. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नव्हतं. दोघींच्या माना खाली होत्या, आणि दोघींची नजर जमिनीच्या जवळून, एकाच गतीनं, कपाटापासून खोलीच्या दारापर्यंत गेली. मीही भिंतीला चिकटले होते. कधी सरकले, मला आठवत नाही. लोटलेलं दार थोडं उघडलं. बाहेर मनन आणि जिनल सोफ्यावर बसलेले दिसले, दोघंही दचकून आमच्याकडे बघत होते. दाराला कोणी हात लावला नव्हता.

"कुठे निघाले शेठजी?" मी कशीबशी म्हणाले.

"दुकानावर," दादीसा अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "या वेळेला दुकानावरच जातात."

मनन धावत आत आला. उघडं कपाट पाहून त्यानं आजीला मिठीच मारली. जिनलनं उकळून गार केलेलं पाणी आणलं. दादीसा घोट घोट प्यायल्या. प्रत्येक घोटाला त्यांच्या गळ्याची शीर हलत होती आणि मनन ती बघत उभा होता. लाखेचं त्याला कोणी सांगितलं नाही. मीही नाही, आणि मी काही पोटात ठेवणारी बाई नाही. सासूबाईंनी ते तांबडे तुकडे कापडात गुंडाळून कमरेला खोचले होते.

मग मुगाच्या डाळीची पातळ खिचडी आली. दादीसांना उशांना टेकवून बसवलं. कपाट समोर सताड उघडं होतं, आता त्यात पलंग दिसत नव्हता, नुसता कोट दिसत होता. सगळे ऐकत होते. कोणी कोणाला म्हणालं नाही, पण सगळे ऐकतच होते. ठोका आला नाही. खाली रस्त्यावर रिक्षा गेली, तिचा आवाज आला. तेवढाच.

दादीसांनी ताटाला हात लावला नाही. त्या कोटाकडे बघत राहिल्या, बराच वेळ. त्यांचा चेहरा हळूहळू लहान मुलीसारखा झाला, जत्रेत हात सुटलेल्या मुलीसारखा. इतका वेळ मला त्यांचा राग होता. तो कुठे गेला कळलं नाही. आम्ही त्यांचा जीव वाचवला होता, आणि त्या खोलीत त्यांच्याइतकं एकटं कोणीच नव्हतं.

"भागा," त्या म्हणाल्या, "आता मला कोण बोलावणार?"

मनन काहीतरी म्हणायला गेला. मी आहे ना, असलंच काही. सासूबाईंनी त्याला हातानं गप्प केलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या, भाजलेल्या बोटांनी खिचडी कालवली, आणि घास दादीसांच्या तोंडापुढे धरला.

"कोन्ही नही, अक्का," त्या म्हणाल्या. "माले बी कोन्ही बलावत नही. जेवी ल्या."

दादीसांनी तोंड उघडलं.